अर्धा र

तपकीर गल्लीतून साडेनऊ हजारांत आणलेला लॅपटॉप.
झाकणावर कुठल्याशा बँकेचा स्टिकर,
आधीच्या मालकानं अर्धा खरवडून सोडलेला.
आतलं सगळं पुसून टाकलं
आणि माझं बसवलं.
माझं म्हणजे कुणाचंच नाही असं,
किंवा कुणाचंही.

दिवसभर हिंजवडीत मी
ज्या कुलपांना तेल घालते
त्यांच्या किल्ल्या कुठे असतात
ते मलाही सांगत नाहीत.
संध्याकाळी दीड तास बस, मेसचा डबा,
आणि मग हे.

तांबटांच्या प्रेसमधलं लायसन्स संपलं
तेव्हा मीच गेले होते पेन ड्राइव्ह घेऊन.
दोन रविवार बसून सगळं लावून दिलं.
पहिलंच काम आमच्या सोसायटीचं,
जिन्यापाशी नावांचा नवा फलक.
त्यावर तिसऱ्या मजल्याला मी:
ऊर्मिला बर्हाटे.
ह च्या डोक्यावर रफार,
वाऱ्यानं उडालेली पगडी
दुसऱ्याच्या डोक्यावर बसावी तसा.

तांबटांनी चष्मा कपाळावर ढकलला.
"फुकट ते फुकटच शेवटी."
"फुकट नाही हो काका, मुक्त."
"बरं. मग मुक्तपणे दुरुस्त करा."

अकरा रात्री गेल्या.
शेजारचा कुकर, मग शेजारची मालिका,
मग फक्त सिंहगड रोडवरचे ट्रक.
नियमांच्या फाइलींत मी र शोधत होते
आणि एका ओळीच्या वर सापडली
कुणीतरी सोडलेली टीप, चौदा वर्षांपूर्वीची:
हे बरोबर आहे का माहीत नाही.
ही भाषा येणाऱ्या कुणीतरी तपासावं.

चहा निवला होता.
चौदा वर्षं ती ओळ
दार किलकिलं ठेवून बसली होती
आणि मी रोज तिच्यावरून
टाइप करत जात होते.

दुरुस्ती पाठवली. टार्टूहून
तोनू नावाच्या माणसानं विचारलं,
दोन्ही र सारखेच ऐकू येतात म्हणता,
मग फरक हवाच का?

काय सांगू त्याला.
दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरात असतात.
आचार्यांना आपण वाकून नमस्कार करतो,
आचाऱ्यांना विचारतो, पानं घ्यायची का?
खोडलं. पुन्हा लिहिलं.
शेवटी एवढंच: माझ्या नावात र
डोक्यावर चढून बसतो,
आडनावात तोच र
पुढच्या अक्षराचा हात धरून चालतो.
तुमचा संगणक मला
दोन्हीकडे डोक्यावर घ्यायला लावतो.

तीन आठवडे काही नाही.
त्या दिवसांत कसब्यातल्या एका हॉटेलात
मिसळ खाताना भिंतीवरची पाटी वाचली,
"रश्श्याची कृती विचारू नये.
विचारल्यास रस्सा मिळणार नाही."
आणि एकटीच इतकी हसले
की वेटरनं पाणी आणून ठेवलं.

मग तोनूचं उत्तर.
आमच्या भाषेत स्वर तीन लांबींचे.
लांबी चुकली की शब्दच दुसरा होतो.
आधी सांगायचं ना असं. घेतलं.

घेतलं.
पहाटेचे पावणेपाच, दूधवाल्याची किणकिण,
आणि मी खुर्चीत मांडी घालून
त्या जुन्या टिपेखाली नवी ओळ बघतेय:
तपासलं.
खाली नाव, रोमन लिपीत,
जिथे अर्ध्या र ला जागाच नाही.

तांबटांकडे नवं प्रूफ निघालं.
त्यांनी भिंग लावलं, उजेडाकडे धरलं,
बऱ्हाटे असं एकदा
ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं.
"हं."
मग पावतीपुस्तक ओढलं.
"फलकाचे पुन्हा साडेतीनशे होतील.
आणि तो तुमचा ळ
जरा खाली सरकतोय,
तेवढं बघा."